मूल रुळणे : कापूरहोळपासून धायरीपर्यंत

या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला तेव्हा एका स्नेह्यांनी मोठ्या सभ्यपणाने विचारले, "यात इतिहास तो कोणता?" त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. इतिहास म्हटला की लढाया, तह, सनदा आणि वंशावळी डोळ्यांपुढे येतात. दीड वर्षाचे पोर सकाळी एका बाईच्या कडेवरून दुसऱ्या बाईच्या कडेवर जाते आणि भोकाड पसरते, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडावयाची? दप्तरे पुरुषांनी लिहिली आणि कडेवरची मुले बायकांनी सांभाळली; त्यामुळे या गोष्टीचा कागद फारसा झाला नाही. तथापि तो मुळीच झाला नाही असेही नव्हे. थोडा बखरकारांनी केला, थोडा एका विदुषीच्या पत्रव्यवहारात झाला, थोडा गिरण्यांच्या चौकशी-अहवालांत झाला. तो एकत्र लावून पाहावा, एवढाच आमचा आजचा उद्योग आहे.

आणि तो धायरीत बसून करावयास एक कारणही आहे. या धायरीत सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे. दुचाकीवर पुढे उभे केलेले नाही तर आईच्या पोटाशी बांधलेले मूल, हँडलला अडकविलेली पिशवी, पिशवीत डबा, दुपटे, जादा चड्ड्या आणि एखादे कान तुटलेले कापडी माकड, अशी वरात एकामागून एक जाताना दिसेल. कोणी पाळणाघरात जाते, कोणी कुणा मावशीकडे. त्यांतल्या एखाद्या दारात रडारड चाललेली असते. आजूबाजूचे लोक त्या नव्या आईला एकच आश्वासन देतात : "रडू द्या हो, चार दिवसांत रुळेल."

हे 'रुळणे' मोठे नामी क्रियापद आहे. नवी वाट पायांखाली रुळते, नवी सून घरात रुळते, परका शब्द जिभेवर रुळतो. त्यात सवय आहे, सावकाशी आहे, आणि दोन्हीकडून होणारी झीज आहे. वाट रुळते तेव्हा पावलेही त्या वाटेला ओळखू लागतात. परंतु आपण पुष्कळदा 'रुळले' म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणावयाचे असते 'गप्प झाले'. या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांची गल्लत कधी झाली, कोणी केली आणि कोणाच्या सोयीसाठी झाली, हेच आम्हांला या इतिहासात शोधण्याजोगे वाटते.

प्रारंभ जवळच्याच गोष्टीने करू. धायरीतून सिंहगड दिसतो. कात्रजचा डोंगर ओलांडून, खेड-शिवापूर मागे टाकून सातारा रस्त्याने पुढे गेले की कापूरहोळ लागते. आज तेथे लोक चहापाण्याला थांबतात आणि डावीकडे नारायणपूर-सासवडचा फाटा धरतात. तो रस्ता पुरंदरच्या पायथ्याजवळून जातो. त्या पुरंदरावर १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म झाला, आणि त्यांना दूध पाजण्यासाठी या कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ गडावर आली. मराठी मुलखात मूल सांभाळणाऱ्या असंख्य बायका होऊन गेल्या. नावानिशी आपल्याला ठाऊक असलेली बहुधा हीच पहिली.

आता तारखांकडे थोडे बारकाईने पाहा. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. त्या वेळी संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. वडील अफझलखानाच्या स्वारीशी तोंड देण्यात गुंतलेले. प्रतापगडाखालची भेट त्याच वर्षी १० नोव्हेंबरला झाली. म्हणजे ज्या वयात मुलाला आई कोठे गेली हे समजत नाही, पण ती नाही एवढे मात्र पुरते समजते, त्या वयात या मुलाची आई गेली आणि बाप मोहिमेवर होता. पुढे जिजाबाईंनी त्यांना वाढविले हे सर्वश्रुत आहे. परंतु धाराऊचे महत्त्व नुसते दूध पाजण्यात नव्हते, असे आम्हांला वाटते. ती आई गेल्यावर आणलेली बाई नव्हती. आई असतानाच ती आलेली होती. मुलाने तिला आईच्या खोलीत, आईच्या देखत, आई तिच्याशी बोलत असताना पाहिले असले पाहिजे. गडावर नवी होती ती धाराऊ. मूल आपल्याच अंगणात होते. सप्टेंबर १६५९ मध्ये एक मांडी रिकामी झाली तेव्हा दुसरी मांडी अनोळखी नव्हती.

हा आमचा तर्क आहे, कागद नव्हे. पण तारखा तर्काला साथ देतात. परंपरा असेही सांगते की धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या चाकरीत राहिले. दूधभावांचे नाते आपल्याकडे हलके मानीत नसत. सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचीही मुले असतात, ही साधी गोष्ट त्या काळाला ठाऊक होती. पुढे आपण ती विसरलो.

जाता जाता हिरकणीचाही उल्लेख केला पाहिजे, कारण या विषयावर बोलू लागताच कोणीतरी तिचे नाव घेतेच. कथा म्हणून ती फार सुंदर आहे. गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल, आणि आई कडा उतरून गेली. रायगडावर तिच्या नावाचा बुरूज आहे, आणि अलीकडे एस. टी. स्थानकांवरही 'हिरकणी कक्ष' उघडले आहेत. पण आम्हांला नेहमी पडणारा प्रश्न असा, की ती दूध घालावयास गड चढून गेली तेव्हा मुलाजवळ कोण होते? शेजारीण, नणंद, सासू, कोणीतरी असणारच. त्या 'कोणीतरी'चा बुरूज कोठेच नाही.

असे 'कोणीतरी' घरोघर असल्यामुळेच आपल्या पूर्वजांना मूल रुळविण्याचा प्रश्न म्हणून कधी पडला नाही. पुण्याच्या वाड्यातले काय किंवा धायरीसारख्या शेतकऱ्यांच्या गावातले काय, मूल जन्मल्यापासून पाच-सहा कडांवर फिरत असे. आत्या, चुलती, आजी, थोरली बहीण. आई रानात जाई तेव्हा मुलाला नवीन काही घडले आहे असे वाटतच नसे. याचे गोडवे गाण्याची मात्र आमची तयारी नाही. त्या कडांपैकी एक कड नेहमी आठ-नऊ वर्षांच्या मुलीची असे, आणि तिची शाळा त्या कडेवरच्या ओझ्याने बुडत असे. त्याकडे पुढे येऊच.

आता १८८६ साल. पंडिता रमाबाई त्या वेळी इंग्लंडात होत्या. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली वारले होते; एकुलती एक मुलगी मनोरमा १८८१ सालची. १८८३ साली मायलेकी इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठाच्या आश्रयाने राहिल्या. फेब्रुवारी १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस निघाल्या तेव्हा मनोरमा बरोबरच होती. परंतु थोड्या दिवसांची भेट लांबत गेली. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढावयाची तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर गावोगाव व्याख्याने देत हिंडणे आले. काही महिन्यांनी रमाबाईंनी पाच वर्षांच्या मनोरमेला परत इंग्लंडला, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे पाठविले. रमाबाई स्वतः फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस उतरल्या आणि त्याच वर्षी ११ मार्चला त्यांनी शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्यास आले. हजारो मुलींना छत्र देणारी ही बाई आपल्या एका मुलीला समुद्रापलीकडे दुसऱ्या बाईच्या हवाली करून ते छत्र उभारण्यास निघाली होती.

यावर त्या काळी नावे ठेवणारे पुष्कळ होते, आजही सापडतील. आम्हांला त्यांच्या पंक्तीस बसावयाचे नाही. आमचे लक्ष एका लहानशा शब्दाकडे आहे. जेराल्डीनबाईंना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. इंग्रज जोगीण, डोक्यावर पांढरे शिरोवस्त्र, भाषा परकी, धर्माच्या बाबतीत तिच्याशी रमाबाईंचे कडाक्याचे मतभेद. मनोरमेला काय शिकवावे आणि काय शिकवू नये यावरूनही दोघींत खटके उडाले, आणि ती सारी पत्रे आज छापून उपलब्ध आहेत. असे असूनही नाव आजीबाई. हा निव्वळ लडिवाळपणा नव्हे. जिच्यावर सोपवावयाचे तिला आधी आपल्या नात्यांच्या जाळ्यात ओवून घ्यावयाचे, ही आपली जुनी रीत आहे, आणि रमाबाईंनी ती ऑक्सफर्डजवळच्या एका मठातही पाळली. आई जिला आजी म्हणते ती बाई मुलाला परकी कशी वाटावी?

धायरीतल्या दारांवरही हेच चालते. मूल सांभाळणारीला तिच्या कामाच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. ती मावशी असते, काकू असते, वयाने मोठी असली तर आजी असते. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या समाजाने या कामासाठी नेमके मावशी हे नाते निवडावे यात काही योगायोग नाही. मात्र नात्याचे नाव दिले म्हणजे नाते झाले असे नव्हे. आणि नात्याचे नाव देऊन पगार कमी द्यावयाची सोय होते, हेही आम्ही या कानांनी ऐकले आहे : "तुम्ही काय परक्या आहात का मावशी?"

आतापर्यंतच्या कथांत मुलाला थोडाबहुत वेळ मिळाला होता. आता ज्या ठिकाणी तो मुळीच मिळाला नाही तेथे जाऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका काम करीत. त्या कोकणातून, घाटावरून आलेल्या. गावाकडची आत्या-चुलती गावीच राहिलेली, चाळीच्या खोलीत मूल आणि गिरणीचा भोंगा मात्र ठरल्या वेळी होणार. मूल कोणाकडे रुळवावयाचे? आणि रुळवावयाला दिवस कोण देणार? बाळंतपणाची रजासुद्धा कायद्याने मुंबई इलाख्यात १९२९ साली आली. तोपर्यंत त्या बायकांनी जो उपाय केला तो मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांच्या १९२०नंतरच्या चौकशीत सविस्तर नोंदला गेला : अफू. बाजारात 'बाळगोळी' या नावाने ती मिळे. सकाळी कामावर जाण्यापूर्वी एक गोळी दिली की मूल दिवसभर निपचित पडून राही. ही गोष्ट चोरून करणाऱ्या चार-दोन बायकांची नव्हती. गिरणीकामगार बायकांच्या मुलांत अपवाद शोधावा लागे, इतकी ती सर्रास होती.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. बाळगोळी देणारी आई दुष्ट नव्हती. तिला मूल शांत हवे होते, कारण शांत मूलच एका खोलीत एका म्हातारीच्या नजरेखाली सोडता येत होते. रडणाऱ्या मुलासाठी दोन बायका लागतात. निजलेल्या मुलासाठी एकही पुरते. जो वेळ तिला कोणी दिला नाही तो तिने एका पैशाच्या गोळीने विकत घेतला. मूल गप्प होते, आणि शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतही असतील की मूल शहाणे आहे, त्रास देत नाही.

काही ठिकाणी यावर निराळा उपाय झाला. नागपूरच्या टाटांच्या एम्प्रेस मिलने बायकामाणसांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविली. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याचे बंधन घातले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. कायदा चांगला होता. पण गिरणीमालकांनी बायका संख्येने कमी ठेवण्याची जी अनेक कारणे होती त्यांत या कायद्याचीही भर पडली, अशी तक्रार कामगार-चळवळीत वारंवार ऐकू येत असे. कायद्याचा लिहिणारा एक हिशेब करतो आणि वाचणारा दुसरा.

गिरणगाव सोडून आता उत्तरेला, समुद्रकाठच्या बोर्डीस जाऊ. १९४५ साली ताराबाई मोडक तेथे गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. त्या आपल्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या, बालपणीच विधवा झालेल्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झालेला, माँटेसोरी पद्धतीचा दांडगा अनुभव गाठीशी. बोर्डीत त्यांनी बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरिबांची, वस्तीवरची मुले काही केल्या येईनात. मूल घराबाहेरच्या त्या नव्या जागेला आणि नव्या बाईला बिचकत होते, आयांनाही भरवसा नव्हता. तेव्हा ताराबाईंनी उलट चाल केली. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावयाची. झाडाखाली, गोठ्यासमोर, आई दारात भात कांडीत असताना, आजी ओसरीवर बसलेली असताना, तेथेच खेळ आणि गाणी. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने बालविकासाची एकात्मिक योजना सुरू केली तेव्हा हाच मराठी शब्द देशभर गेला. आज अंगणवाडी म्हटले की आपल्याला पोषण आहाराची पोती आणि नोंदवह्यांचा ढीग आठवतो. परंतु मुळात तो मूल रुळविण्याचा एक शोध होता. मुलाने परक्या घरी जाऊन रुळावे असे म्हणण्याऐवजी परक्या बाईने आधी मुलाच्या अंगणात येऊन रुळावे, एवढाच तो शोध. धाराऊ गड चढून गेली होती तेच ताराबाईंनी पुन्हा केले.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. वारल्यांच्या मुली शाळेत येत त्या कडेवर भावंड घेऊन, किंवा येतच नसत. मुलगी शाळेत हवी तर तिच्या कडेवरचे मूल कोणीतरी घेतले पाहिजे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी असलेली 'विकासवाडी' त्यांनी उभारली. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. आणि धाकटा रडला तर थोरली हाकेच्या अंतरावर. मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांना जे सुचले नाही ते नऊ वर्षांच्या मुलीची कड मोकळी करताना सुचले. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस' ही फिरती पाळणाघरे सुरू केली आणि ते काम पुढे मुंबई-पुण्यास आले, त्यातही हेच तत्त्व होते. आई जेथे विटा वाहते तेथेच पाळणा टांगावयाचा. सिंहगड रस्त्यावर ज्या उंच इमारती आपण पाहतो त्यांच्या पायाशी, सिमेंटच्या गोणीवर निजलेली अशी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना कोणाकडे रुळवावयाचे हा प्रश्न इमारतीत राहावयास येणाऱ्यांच्या प्रश्नाच्या आधीचा आहे, एवढे येथे सांगून ठेवतो.

आपल्याकडे हे प्रयोग चालले होते त्याच सुमारास विलायतेत गप्प बसण्याच्या मागे काय असते याचा पहिला नीट पुरावा तयार झाला. जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली एक साधा बोलपट काढला. अडीच वर्षांच्या आतली एक मुलगी आठ दिवस इस्पितळात आहे, एवढेच त्यात दिसते. ती फारशी आक्रस्ताळी करीत नाही. किंबहुना ती शहाण्यासारखी वागते, आणि ते पाहणेच असह्य होते. त्या काळी आईबापांना इस्पितळात येऊ देत नसत. ते आले की मुले रडतात, एरव्ही छान रुळतात, असा डॉक्टर आणि नर्सबाईंचा अनुभव! रॉबर्टसन यांनी दाखविले की मूल आधी निषेध करते, मग हताश होते, आणि शेवटी अलिप्त होते. ही तिसरी पायरी लोक रुळणे समजतात. पुढे १९६०नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी दुसरी बाजूही दाखविली. आई बाळंतपणाला इस्पितळात गेलेली चार लहान मुले त्यांनी एकेक करून आपल्या घरी ठेवली. त्याआधी मुलाला आईबापांबरोबर भेटीला बोलावले, मुलाचे पांघरूण, खेळणी, आईचा फोटो बरोबर आणविला, आईविषयी रोज बोलत राहिले. ती मुलेही रडली. पण ती अलिप्त झाली नाहीत. १९६९च्या त्यांच्या बोलपटातला सतरा महिन्यांचा जॉन मात्र नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात राहिला. तेथे पाळीपाळीने बदलणाऱ्या नर्सपैकी एकही त्याची झाली नाही, आणि तो मोडून पडला.

अगदी अलीकडची एक गोष्ट सांगून हा विलायती भाग आटोपता घेतो. बर्लिनमध्ये १९८०नंतर शिशुगृहांसाठी एक रीत बसविली गेली : पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर थोडा वेळ नुसते बसून राहतात, चौथ्या दिवशी काही मिनिटे बाहेर जाऊन पाहतात, आणि पुढचे सारे मुलाच्या वागण्यावरून ठरते. त्याच शहरात पंधरा महिन्यांच्या सत्तर मुलांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मनावर ताण आला की शरीरात जे द्रव्य वाढते ते लाळेत मोजता येते, ते मोजले. आई निघून गेल्यावर ते वाढले, आणि पाच महिन्यांनंतरही, म्हणजे मूल पुरते रुळले असे कोणीही म्हणेल तेव्हाही, ते घरच्यापेक्षा थोडे अधिकच होते. ज्या आयांनी सुरुवातीला अधिक दिवस मुलाबरोबर काढले त्यांच्याशी मुलांचे नाते मात्र घट्ट राहिले किंवा घट्ट झाले. मूल रडावयाचे थांबले की आपला हिशेब संपतो. त्याचा संपलेला नसतो.

म्हणजे इतिहास काय आणि प्रयोगशाळा काय, दोन्हींकडून उत्तर एकच येते : दिवस. आठ दिवस, पंधरा दिवस. प्रश्न उरतो तो हे दिवस आणावयाचे कोठून? २०१७ साली मातृत्व-लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी आपली धायरी पुणे महानगरपालिकेत पूर्णपणे सामील झाली. दोन्ही गोष्टी कागदावर मोठ्या. परंतु धायरीतली आई हिंजवडीला कामाला जाते. चार वेळा जाऊन यावयाचे तर तिचा दिवस रस्त्यावरच संपेल. आणि जी आई त्याच इमारतींत चार घरची धुणीभांडी करते, किंवा जी स्वतःच पाळणाघर चालविते, तिला ना सव्वीस आठवडे ना चार फेऱ्या.

शेवटी, आम्ही स्वतः पाहिलेली एक हकीकत. आमच्या ओळखीचे एक तरुण जोडपे धायरीत राहते, मूळचे मराठवाड्याकडचे. मुलाची आजी गावाहून येऊन सहा महिने राहिली आणि पेरणीला परत गेली. चौदा महिन्यांच्या मुलाला सोमवारी मावशींकडे नेले. आईने दारातच दिले, मुलाचे लक्ष नाही असे पाहून पाठ वळविली आणि निघून गेली. असेच करावे असे तिला कचेरीतल्या मैत्रिणींनी सांगितले होते. दोन दिवस आकांत. तिसऱ्या दिवशी पोर गप्प. घरी सर्वांना हायसे वाटले. पण मावशींना वाटले नाही. मूल खात नव्हते, कोपऱ्यात आपली पिशवी धरून बसत होते, कोणी घेतले तर जात होते आणि खाली ठेवले तर बसत होते. संध्याकाळी मावशी आईला म्हणाल्या, "ताई, ह्यो रुळला न्हाई. ह्यो गप बसलाय. चार रोज तुम्ही हितं येऊन बसा. मेथी निवडा, काय बी करा. मी त्याला घ्यायची न्हाई, त्यालाच येऊ द्या."

त्या मावशींनी बर्लिनचे नाव ऐकलेले नाही. त्यांची स्वतःची थोरली मुलगी चार वर्षे त्यांच्या आईकडे वेल्ह्याला वाढली, कारण पुण्यात त्या तेव्हा दुसऱ्यांची मुले सांभाळीत होत्या. पहिल्या खेपेला भेटावयास गेल्या तेव्हा मुलगी रडली नाही, शहाण्यासारखी आजीच्या मागे उभी राहिली. ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. गप्प बसलेले मूल ओळखावयास त्या तेथे शिकल्या.

आईला चार दिवस मिळेनात. रजा संपलेली, वरिष्ठांनी आधीच एकदा सांभाळून घेतलेले. बापाने दोन दिवस मिळविले आणि उरलेले गावाहून आजोबांनी येऊन भरून काढले. म्हातारा धोतर सावरून मावशींच्या खोलीत भिंतीला टेकून बसे आणि खरोखरच मेथी निवडी. चौथ्या दिवशी नातवाने निवडलेली एक काडी नेऊन मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती कौतुक न करता घेतली आणि टोपलीत टाकली. सातव्या दिवशी आजोबा कोपऱ्यावर तंबाखू आणावयास गेले तर पोराने मान वर करून पाहिले आणि पुन्हा डबे वाजवू लागले.

दहाव्या दिवशी दुपारी टँकर आला. मावशी हंडे घेऊन जिना उतरल्या आणि दार लोटले गेले, तोच आत पोराने मोठ्याने भोकाड पसरले. पिशवी टाकून ते दाराशी आले आणि दारावर थापा मारू लागले. आजोबा धावत वरून हाका मारू लागले. मावशी खालूनच ओरडल्या, "रडू द्या बाबा, आले म्हना." आणि अर्धा हंडा तसाच टाकून हसत हसत वर आल्या.